पाच वर्षं दातांची, पुढची कशाची?

पत्र लिहिणारी मुलगी २५ वर्षांची. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घरी शिवणकाम करते. नीटमध्ये एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली, आणखी वर्षभर रिपीट करायला घरच्यांचा धीर होईना, म्हणून खाजगी कॉलेजात बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी, घेतली. चार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक पार पडून आता तीन महिने झाले. सध्या ती एका शहरात दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी पाच ते नऊ, महिना १२,००० रुपये. शिक्षणासाठी काढलेलं ७ लाखांचं कर्ज व्याज धरून ९ लाखांवर गेलं आहे. दर साडेदहा टक्के. हप्ते नऊ महिन्यांनी सुरू होतील. ती लिहिते, ‘पेशंटनं तोंड उघडलं की माझं मन मिटतं. रोज सकाळी बसमध्ये पोटात गोळा येतो. पाच वर्षं आणि बाबांचे पैसे वाया घालवले, हे सांगू कुणाला?’ वडील म्हणतात, एमडीएस, म्हणजे दातांचंच पदव्युत्तर शिक्षण, कर, मग गोडी लागेल. मावसभाऊ म्हणतो, यूपीएससी दे. मैत्रीण मेडिकल कोडिंगचा क्लास लावते आहे. तिला स्वतःला मात्र ‘हे नको’ यापलीकडे काही सुचत नाही. शेवटी ताजा कलम: कॉलेजातली एक ज्युनिअर तिची सगळी हत्यारं विकत मागते आहे, द्यावीत का?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चार पानांच्या पत्रात प्रत्यक्ष दातांविषयी, म्हणजे दात भरणं, काढणं, कोरणं याविषयी तक्रारीच्या ओळी निघाल्या पाच. कवळीच्या कोट्याविषयी, म्हणजे कॉलेजात ठरावीक संख्येने कवळ्या कराव्याच लागतात त्याविषयी, जवळजवळ पानभर आहे. तुझी मेणाची ट्रायल, म्हणजे कवळीचा कच्चा नमुना, सगळ्या बॅचसमोर आणि पेशंटसमोर टेबलावर आपटणाऱ्या सरांविषयी अर्धं पान. आत्ताच्या दवाखान्यात ‘साध्या भरण्याच्या दातालाही कॅप सुचव’ असं सांगतात, त्याविषयी अर्धं. आणि इंटर्नशिपमधल्या पब्लिक हेल्थच्या तीन महिन्यांत गावच्या शिबिरात भेटलेल्या मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणाऱ्या बायकांविषयी दीड पान. हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

त्याकडे येतेच, पण आधी पोटातला तो गोळा. रोज सकाळी तो येतो, झोप तुटक झाली आहे, रविवारीही अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, असं तू ओझरतं लिहून पुढे गेली आहेस. मी ते ओझरतं धरणार नाही. काम आवडत नसेल तर सुट्टीच्या दिवशी माणूस मोकळा श्वास घेतो. सुट्टीतही जीव घुसमटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर तो प्रश्न करिअरच्या आधी डॉक्टरांनी पाहायचा आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. शहरात राहतेस तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत एकदा जाऊन ये. मन थकलेलं असताना घेतलेला निर्णय आणि सावरल्यावर घेतलेला निर्णय कदाचित एकच निघेल. पण दुसऱ्यावर तुला उभं राहता येईल.

आता पेन्सिलीच्या खुणांकडे. ‘मला डेंटिस्ट्री आवडत नाही’ हे एक वाक्य तू पत्रात सात वेळा लिहिलं आहेस, आणि त्यात निदान तीन वेगळी दुःखं एकत्र बांधली आहेत. पहिलं कॉलेजचं. कोटा भरण्यासाठी एसटी स्टँडवर पेशंट शोधायचे, त्यांच्या रिक्षाचे पैसे आपण द्यायचे, आणि चौथ्या बैठकीला, म्हणजे ऐन ट्रायलच्या दिवशी, आजोबा आलेच नाहीत की सगळी केस पाण्यात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण दंत महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही विचार, प्रत्येकाकडे असा एक न आलेला आजोबा असतो. ते दुःख खरं आहे आणि ते संपलेलंही आहे. आता तुला कुणी कोटा विचारणार नाही. दुसरं दुःख आत्ताच्या दवाखान्याचं. तिथे तुला जे नको वाटतं ते काम नाही, ती लबाडी आहे. नको असलेली कॅप गळ्यात मारताना तुझी जीभ अडखळते, ही तुझ्यातली खोट समजू नकोस. तिसरं दुःख मात्र खुद्द कामाचं असू शकतं. तास तास मान वाकवून, दोन बोटं शिरतील एवढ्या अंधाऱ्या जागेत, लाळ-रक्त शोषत बारीक हातकाम करणं काहींना मनापासून आवडतं आणि काहींना कधीच आवडत नाही. न आवडणं हा गुन्हा नव्हे.

पण यातलं तुझं खरं दुखणं कोणतं? हे कळल्याशिवाय मी तुला ‘सोड’ म्हणणार नाही, ‘थांब’ही म्हणणार नाही. कारण दुखणं दुसरं, म्हणजे दवाखान्याचं, असेल तर उपाय सोपा आहे, दवाखाना बदल. तिसरं असेल तर एमडीएस केलंस तरी ते तुझ्याबरोबर येईल.

म्हणून पंधरा दिवस एक वही ठेव. रोज रात्री दोनच ओळी: आज कोणत्या क्षणी जीव नकोसा झाला आणि कोणत्या क्षणी घड्याळाचा विसर पडला. क्षण नेमका लिही. ‘पेशंट आला’ असं नको. ‘पेशंटला खर्च सांगताना’, ‘दात कोरायचा एअरोटर सुरू करताना’, ‘आजींना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावताना’ असं. आणि या पंधरा दिवसांत एखाद्या धर्मादाय रुग्णालयात किंवा तुझा विश्वास असलेल्या एखाद्या सिनिअरकडे दोन अर्धे दिवस नुसतं बसून पाहा. जिथे कुणी कॅप खपवायला सांगत नाही, शिकवणारा माणूस शांत आहे, अशा ठिकाणीही हात पुढे होत नसेल, तर तुझं म्हणणं खरं आहे. मग स्वतःशी वाद घालू नकोस.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी ते केलं नव्हतं. बी.फार्म. करून मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढली. गोळी सदतीस अंशांच्या द्रावात किती मिनिटांत विरघळते ते मोजायचं, दिवसभर, एकामागून एक बॅच. मला ते सोसेना आणि एके दिवशी राजीनामा देऊन मी पहिल्या मिळालेल्या कोर्सला जाऊन बसले. तोही एका बंद खोलीतल्या मोजमापाचाच होता. वर्ष आणि साठवलेले पैसे गेले. मला माणसांशी बोलायचं होतं, एवढी साधी गोष्ट मी स्वतःला विचारलीच नव्हती. ती मला एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून उभी राहिल्यावर कळली. तुझ्या पत्रात ते दीड पान आहे म्हणून मला तुझी काळजी थोडी कमी वाटते. तुझ्याकडे धागा आहे.

‘पाच वर्षं वाया’ हे तुझं दुसरं गृहीत. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे आणि तुझी पाच वर्षं खर्च झाली, हे खरंच आहे. तू उद्या स्वतःचा दवाखाना टाकलास तरी ती परत येणार नाहीत आणि सोडलंस तरी नाहीत. उरतो तो प्रश्न पुढच्या पस्तीस वर्षांचा, आणि तो सोडवताना मागचा खर्च मोजायला घेतला की माणूस आणखी तीन वर्षं त्यातच ओततो. तुझ्या वडिलांचा एमडीएसचा सल्ला मला तसाच वाटतो. गोडी लागावी म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुलं मी पाहिली आहेत; ज्यांना मुळात हातकामाची ओढ होती त्यांना ती लागली, बाकीच्यांना फक्त वय लागलं. एक अपवाद सांगते. एमडीएसच्या नऊ शाखांत एक शाखा सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राची आहे, आणि तुझ्या दीड पानाशी तिचं नातं आहे. पण ती तीन वर्षांची आहे, नीट एमडीएस द्यावी लागते आणि पुढची वाट मुख्यतः कॉलेजात शिकवण्याकडे जाते. शिकवायची हौस असेल तरच तिचा विचार कर.

शिवाय या पाच वर्षांत तू काय काय शिकलीस ते तुला दिसत नाही, कारण तुझ्या आजूबाजूला सगळ्यांनाच ते येतं. केस पेपर वाचून पेशंटला नेमकं काय झालं हे तुला पाच मिनिटांत समजतं. औषधांची नावं, मात्रा, कशाबरोबर काय चालत नाही हे कळतं. घाबरलेल्या माणसाकडून खरी माहिती कशी काढायची ते येतं. आरोग्याच्या क्षेत्रात खुर्चीवर बसून करायच्या कितीतरी कामांना अगदी हेच लागतं. आरोग्य विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपन्या बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना घेतात; डिस्चार्ज कार्ड, बिलं, तपासण्या वाचून दावा बरोबर आहे का ते ठरवायचं. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी पाहणारे विभाग असतात. औषध घेतल्यावर कुणाला काय झालं ते वाचायचं, ठरलेल्या संज्ञांत बसवायचं, घटनाक्रम लिहायचा. तुझी मैत्रीण शिकते ते कोडिंग म्हणजे उपचारांच्या कागदांना बिलासाठी सांकेतिक क्रमांक देणं. ही सगळी प्रामाणिक कामं आहेत आणि ज्यांना एकट्याने, शांतपणे, चुका न करता काम करायला आवडतं त्यांना ती मानवतात. पण तुझी वही ‘आजींशी बोलताना’ असं म्हणाली, तर आठ तास स्क्रीनसमोर बसून तू सहा महिन्यांत पुन्हा मला पत्र लिहिशील. तोवर हप्ता भरायला मात्र ही नोकरी कामाची आहे, आणि तशी ती घेण्यात कमीपणा नाही. क्लासवाल्यांनी ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हटलं तर गेल्या बॅचच्या तीन मुलांचे फोन नंबर माग. ते दिले नाहीत तर पैसे देऊ नकोस.

मावसभावाच्या यूपीएससीबद्दल थोडक्यात. वर्षाला दहा लाखांच्या आसपास अर्ज आणि हजाराच्या आसपास जागा, हे गणित त्यालाही माहीत असेल. डॉक्टरकीची पदवी असलेले अनेक जण ती परीक्षा पास होतात, हेही खरं. पण तुझ्या पत्रात प्रशासनाविषयी एक शब्द नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत मला अशी मुलं भेटली आहेत ज्यांना अधिकारी व्हायचं नव्हतं, फक्त आधीच्या ठिकाणाहून सुटायचं होतं. अभ्यास ही घरच्यांना सांगता येण्याजोगी सुटका होती. द्यायचीच असेल तर सुरुवातीलाच शेवटची तारीख लिहून ठेव आणि ती घरच्यांना सांग. एमबीएचंही तसंच: सीईटी किंवा कॅट कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, पण पंधरा लाखांचं नवं कर्ज जुन्या नऊ लाखांवर चढवण्याआधी त्या कामातला एक दिवस कसा जातो हे पाहून ये.

आता तुझं दीड पान. तू लिहितेस की त्या गावात तपासणीला साठ बायका आल्या. तू प्रत्येकीचे किडलेले, पडलेले आणि भरलेले दात मोजून तक्ता भरलास. मिश्री कधीपासून लावता, असं विचारल्यावर एकीने सांगितलं, ‘बाळंतपणात दात दुखत होते तेव्हा सासूनं लावायला दिली.’ मग तू पुढच्या सगळ्यांना तोच प्रश्न विचारायला सुरुवात केलीस, ज्याची फॉर्मवर जागाही नव्हती, आणि रात्री होस्टेलवर बसून उत्तरं मोजलीस. तुझ्या मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला, याचं तुला अजून वाईट वाटतं. अगं, सार्वजनिक आरोग्याचं काम असंच सुरू होतं! एकाच्या तोंडात काय बिघडलं हे पाहायचं सोडून, साठ जणींच्या तोंडात एकच गोष्ट का बिघडते हे शोधायचं. फॉर्मवर नसलेला प्रश्न सुचणं हे शिकवून येत नाही.

आणि आपल्याकडे हे काम पडूनच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली, आणि त्यातली बहुतेक न ओढता खाण्याची, लावण्याची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तुझ्या ओपीडीत गुटख्यापायी दोन बोटंही तोंड न उघडणारे विशीतले मुलगे यायचेच ना? त्यांचं तोंड उघडायला सर्जन लागतो. त्यांच्या गावात पुढच्या मुलांचं तोंड बंद होऊ नये म्हणून जे करायचं, त्याला तोंड आणि गाव दोन्ही कळणारं माणूस लागतं.

या वाटेची पदवी म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, दोन वर्षांची. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था इथे ती शिकवली जाते आणि बीडीएस झालेले विद्यार्थी तिथे येतात. प्रवेशाची पद्धत आणि शुल्क बदलत असतं, तेव्हा संस्थेचं त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाच, एजंटाचं ऐकू नकोस. नाव तेच पण क्षेत्रकार्य नाही, शिकवणारे पाहुणे, शुल्क मात्र भरघोस, असेही कोर्स निघाले आहेत. कोर्सच्या माणसांना एकच विचार: ‘विद्यार्थी किती आठवडे गावात किंवा वस्तीत काम करतात आणि त्यांच्या मागच्या वर्षीच्या प्रबंधांचे विषय काय होते?’ उत्तरावरून कळेल.

या वाटेवरचे काटेही सांगते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच नोकऱ्या अकरा महिन्यांच्या करारावर असतात. नूतनीकरण होतं, पण दर वर्षी जीव टांगणीला. तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा सल्लागाराचं पद असतं. जाहिरातीत बहुधा आरोग्यशाखेची पदवी आणि वर सार्वजनिक आरोग्याची किंवा रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मागतात. संस्थांचे प्रकल्प निधी असेतो चालतात. गावोगाव फिरावं लागतं, अहवाल लिहावे लागतात, आणि तू केलेल्या कामाने कुणाचा दात वाचला हे तुला कधीच दिसत नाही. दवाखान्यात दुखरी दाढ काढली की माणूस तिथल्या तिथे हात जोडतो. तसे जोडलेले हात हवेसे वाटतात का, हेही वहीत लिही.

म्हणून पदवी आधी नको, चव आधी घे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम २००६ पासून चालतो. पुढे काय करायचं या प्रश्नाशी झगडणारी तुझ्या वयाची मुलं, त्यांत डॉक्टरही बरेच, तिथल्या शिबिरांना येतात. त्याच जिल्ह्यात दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ २०१६ पासून काम करतं. तुला ज्या कामाची कल्पना करता येत नाही, ते तिथे डोळ्यांनी दिसेल. इतक्या लांब जमणार नसेल तर तुझ्या कॉलेजच्या पब्लिक हेल्थ विभागाला एक मेल कर: पुढच्या तीन शिबिरांना मी स्वखर्चाने येते, तक्ते भरते, आकडेमोड करते. त्या मॅडम नसतील तर दुसऱ्या कुणी असतील. आणि तो साठ बायकांचा कागद, शोधून काढ. नावं गाळून दोन पानांत नीट मांड. प्रवेशाच्या मुलाखतीत तू आणखी काय नेणार आहेस?

पैशांचं बोलू या, कारण तुझी रात्रीची झोप तिथेही अडली आहे. ९ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, असा हप्ता धरला तर तो महिन्याला साधारण १२,१०० रुपये येतो. म्हणजे आत्ताचा तुझा अख्खा पगार. तू आवडीने डेंटिस्ट्री करत असतीस तरी या नोकरीत राहून चाललं नसतं, तेव्हा ‘मी सोडल्यामुळे घर अडचणीत येईल’ हे मनातून काढ. मुदत पंधरा वर्षांची करून घेतलीस तर हप्ता ९,९५० च्या आसपास उतरतो. त्यापायी एकूण सव्वातीन लाखांहून जास्त व्याज भरावं लागतं. ते महाग आहे, पण पुढे उत्पन्न वाढलं की जादा रक्कम भरून मुदत कमी करता येते. दोन वर्षांचं पुढचं शिक्षण घेणार असशील तर हप्ता पुढे ढकलता येतो का आणि त्याच कर्जाला जोडून नवं मिळतं का, हे हप्ता सुरू व्हायच्या आत बँकेला लेखी विचार. एकदा हप्ते थकले की हेच बोलणं अवघड होतं. जामीनदार बाबा आहेत, म्हणून हे त्यांना घेऊनच करायचं.

बाबांवरच सगळं येऊन थांबतं, नाही का? तू लिहितेस, ‘त्यांचं स्वप्न मोडेल.’ त्यांनी तुला डॉ. काशिनाथ घाणेकर आणि डॉ. श्रीराम लागू यांचं उदाहरण दिलं: एक दंतवैद्य, एक कान-नाक-घशाचे सर्जन, आधी डॉक्टर झाले आणि मग काय हवं ते केलं. त्यात तथ्य आहे. लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली पूर्ण वेळ रंगभूमी धरली. पण तोवर ते वर्षानुवर्षं नाटक करत होते, रोज संध्याकाळी. बाबांना तू उलट हेच सांगू शकतेस: मीही नोकरी करता करता दुसरं काम करून पाहते आहे.

मला मात्र वाटतं, त्यांना स्वप्नापेक्षा भीती जास्त आहे. शिक्षकाच्या पगारात मुलीला डॉक्टर केलेल्या माणसाला गावात रोज कुणीतरी विचारत असेल, ‘दवाखाना कधी टाकताय?’ आत्याने तुझ्या स्थळासाठी बायोडाटा केला आहे, त्यात पहिल्या ओळीत ‘डॉ.’ आहे. तू ‘सोडते’ म्हणालीस की त्यांच्या कानात ‘मुलगी घरी बसणार, कर्ज माझ्या पेन्शनवर येणार’ एवढंच शिरतं. फोनवर सांगू नकोस. गावी जा, आई असताना बस आणि आधी विचार, ‘बाबा, तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?’ त्यांना बोलू दे. मग हप्त्याचा कागद आणि सहा महिन्यांचा बेत पुढे ठेव. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. कागदावर मांडलेलं त्यांना कळतं. पहिल्या दिवशी ते होकार देणार नाहीत. आई गप्प राहील आणि तुला वाटेल तीही विरोधात आहे. आठवडाभर थांबून पुन्हा बोल.

बेत माझ्या मते असा असावा. पहिला महिना वही, डॉक्टरांची भेट आणि दुसऱ्या दवाखान्यातले दोन अर्धे दिवस. याच महिन्यात हा दवाखाना सोड, पण हातात दुसरं काही आल्यावरच. विम्याचे दावे, एखाद्या धर्मादाय रुग्णालयातलं काम, काहीही, जिथे खोटं बोलावं लागत नाही. पुढचे चार महिने शिबिरं आणि त्या क्षेत्रातल्या निदान पाच माणसांशी बोलणं. त्यांना ‘स्कोप काय’ विचारू नकोस, ‘काल दिवसभर काय केलंत’ ते विचार. सहाव्या महिन्यात ठरव. मधल्या काळात राज्य दंत परिषदेतली नोंदणी पक्की कर आणि ती वेळेवर नूतनीकरण करून जिवंत ठेव. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून गुणपत्रकांची ट्रान्सक्रिप्ट, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला आणि पदवी प्रमाणपत्र हातात घेऊन ठेव; दोन वर्षांनी त्यासाठी खेपा घालणं फार जड जातं.

बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग करून असंच पत्र लिहिणाऱ्या इतरांसाठी एवढंच जोडते. तुमच्या कोर्सला किंवा पहिल्या नोकरीला सेवेचा करार, म्हणजे बाँड आहे का, ते आधी वाचा. नोकरी देताना मूळ कागदपत्रं ठेवून घेणाऱ्या रुग्णालयाला ती देऊ नका, प्रती द्या. आणि नर्सिंगच्या मुलींनो, तुम्हाला काम नकोसं झालं आहे की सलग रात्रपाळ्या, हे आधी तपासा. शाळा, उद्योग, सामुदायिक आरोग्य, शिकवणं, इथे त्याच पदवीवर दिवसाची कामं आहेत.

राहिला तुझा ताजा कलम. वॅक्सची हत्यारं, टायपोडॉन्ट म्हणजे सरावाचा नकली जबडा, दात बसवायचं सगळं सामान त्या ज्युनिअरला दे. तिला कोटा भरायचा आहे, आणि नव्याची किंमत तुला माहीतच आहे. आरसे, प्रोब आणि चिमटे ठेव, शिबिराला लागतात. एअरोटरही सहा महिने राहू दे. धुऊन, कोरडा करून, तेलाचे दोन थेंब घालून गुंडाळून ठेव.